वही जिची, बोलणं तिचं

"ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. उसाचं पाचट लवकर कुजवणारे जिवाणू शोधायचा प्रकल्प आम्ही चौघांनी केला. पुढच्या महिन्यात पुण्यात लाइफ सायन्सेसचं करिअर कन्व्हेन्शन आहे, तिथं आमची निवड झालीय. दहा मिनिटं बोलायचं, पाच मिनिटं प्रश्न, सगळं इंग्रजीत. अडचणी दोन आहेत. सगळ्यात जास्त काम केलेली आमची मैत्रीण राधानगरीकडची, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली. सर म्हणतात, ज्यांचं इंग्रजी चांगलं त्यांनीच बोलावं. तीही म्हणते, 'तुम्ही बोला, मी मागं थांबतो.' दुसरी अडचण आकड्यांची. पाचट आम्ही टबांत कुजवलं. नुसत्या पाचटाचं वजन साठ दिवसांत १४ टक्के घटलं, युरिया घातलेल्याचं ३१ टक्के आणि युरियासोबत आमचे जिवाणू घातलेल्याचं ३३ टक्के. टीम लीडर म्हणतो, मधला टब दाखवायचाच नाही, १४ आणि ३३ एवढंच दाखवू. मला पटत नाही, पण भांडणही नको. आणि वडील विचारतात, 'पाचट कुजवून तुला नोकरी कोण देणार हाय?' काय करू?
एक विद्यार्थिनी, कोल्हापूर"

प्रिय मैत्रिणी,

पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस ते फार बरं केलंस. पत्र मी एकदा वाचलं, पानं तीनदा. एकविसाव्या दिवसाच्या नोंदीत, तुझ्या राधानगरीच्या मैत्रिणीच्या अक्षरात, एक ओळ आहे: "फक्त युरियाचा टबपण काळा पडला. वास मातीचा." तू दोन अडचणी लिहिल्यास, पण मला ती एकच दिसते. जो टब झाकायचं चाललंय आणि जी मुलगी मागं उभी करायचं चाललंय, ती दोन्ही या एका ओळीत आहेत. तुमचा निकाल काय लागणार, हे तिनं साठाव्या दिवसाच्या वजनाआधी एकोणचाळीस दिवस नाकानं ओळखलं होतं.

आधी टबाचं बोलू.

मधला टब हीच तुमच्या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. जिवाणूंना शरीर बांधायला कर्ब लागतो तसं नत्रही लागतं. कुजण्याचं काम जोमानं चालायचं तर पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असावं लागतं. उसाच्या पाचटात हे प्रमाण शंभराच्या आसपास असतं, म्हणजे पोटभर अन्न आणि मीठच नाही अशी गत. तुम्ही युरिया घातला, नत्र मिळालं आणि पाचटावर आधीपासून बसलेल्या रानातल्याच जिवाणू-बुरश्यांनी काम सुरू केलं. तुमचं पाचट निर्जंतुक केलेलं नव्हतं, त्यामुळे नुसत्या युरियाच्या टबातही कामगार हजर होतेच. तो मातीचा वासही त्याचीच खूण. पावसाच्या पहिल्या सरीला येतो तो वास ज्या जिऑस्मिनमुळे येतो, ते ॲक्टिनोमायसिटीस गटातले जिवाणू तयार करतात. तुझ्या मैत्रिणीनं वासाची नोंद केली तेव्हा तिनं एक निरीक्षण नोंदवलं, नुसता शेरा मारला नाही.

आता ३१ आणि ३३. वहीत प्रत्येक प्रकारचे तीन टब आहेत. युरियाचे २८, ३१, ३४. जिवाणू घातलेले २९, ३४, ३६. एकाच प्रकारच्या टबांमध्ये सहा-सात टक्क्यांचा फरक पडतो, तर दोन सरासऱ्यांमधल्या दोन टक्क्यांवर काय बांधणार? तुमच्या जिवाणूंनी काहीच केलं नाही असंही यातून सिद्ध होत नाही आणि केलं असंही नाही. "या आकड्यांवरून फरक दिसत नाही", एवढंच म्हणता येतं आणि तेवढंच म्हणा. हे वजन ओलं की सुकं, हेही वहीत कुठं दिसलं नाही. ओव्हनमध्ये वाळवून घेतलेलं असेल तर ठीक. ओल्याचं असेल तर आत्ताच उरलेला नमुना वाळवून ओलाव्याचा हिशेब करा, कारण पुण्यात पहिला प्रश्न हाच येईल.

मग वहीतल्या पानांवरची, जिवाणू वाढवायच्या प्लेटवर काँगो रेड हा रंग ओतल्यावर दिसलेली ती सुंदर वर्तुळं खोटी का? अजिबात नाही. सीएमसीच्या माध्यमावर वसाहतीभोवती पडलेला फिका घेर सांगतो की हा जिवाणू सेल्युलोजची, म्हणजे पाल्यातल्या धाग्यांची, साखळी तोडणारं विकर (एन्झाइम) सोडतो. पण सीएमसी म्हणजे पाण्यात विरघळणारं, आयतं मोकळं करून दिलेलं सेल्युलोज. खऱ्या पाचटात ते लिग्निन नावाच्या चिवट पदार्थात गुंडाळलेलं असतं, वर मेण असतं, सिलिका असते. उसाच्या फडात उतरलेल्या कुणालाही पाल्याची धार ठाऊक आहे. ती धार तुमच्या प्लेटमध्ये नव्हती. प्लेटवर जिंकलेला जिवाणू टबात का दिसेना, याचं एक कारण इथं सापडेल. तुमच्या टबात पाचट दोन किलो, त्यामुळे ते तापलं नसणार. मोठ्या ढिगात तापमान पन्नास-साठ अंशांपर्यंत चढतं. तीस अंशांवर वाढवलेले तुमचे जिवाणू तिथं तगतील का, हाही प्रश्न उरतो. हे सगळं स्वतःहून सांगितलंत तर समोरच्याला कळतं की या पोरांनी नुसता प्रयोग केला नाही, त्यावर विचारही केलाय.

तुमच्या लीडरची घालमेल मला समजते. निवड झाली, घरी सांगून झालं, आता "फरक दिसला नाही" असं कसं म्हणायचं? पण मी बावीस वर्षं औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत, सूक्ष्मजीव विभागात काम केलं, त्यातली बरीच वर्षं नव्या मुलांच्या मुलाखती घेतल्या. तुम्ही ज्या स्टॉलसमोर उभे राहणार आहात, त्यांच्या मागं माझ्यासारखीच माणसं बसलेली असतात. औषधनिर्मितीत नोंदींसाठी एक नियम आहे, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'अल्कोआ' म्हणतात. नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम करतानाच केलेली पाहिजे, मूळ पाहिजे आणि अचूक पाहिजे. चुकलं तर एक आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. नकोसा निकाल आला तर त्याची रीतसर चौकशी होते, तो कशामुळे आला ते शोधतात. तो गाळून पुढं गेलेल्याची नोकरी जाते आणि कधी कधी अख्ख्या कारखान्याची निर्यात थांबते. कारण त्या आकड्याच्या पलीकडच्या टोकाला सलाईन लावलेला कुणीतरी पेशंट असतो.

लीडरशी बोलताना "तू खोटं बोलतोयस" असं म्हणू नकोस. तो खोटारडा नाही, घाबरलेला आहे. त्याला विचार, "मधला टब दाखवला नाही आणि कुणी विचारलं की वाढ युरियामुळे झाली का जिवाणूंमुळे, तर काय सांगायचं?" हा प्रश्न येणारच. ज्यानं एकदा तरी प्रयोग केलाय तो हेच विचारेल. तेव्हा तो टब लपवलेला असेल तर चौघांचीही मान खाली जाईल. तोच टब तुम्ही स्वतः मांडलेला असेल तर प्रश्न विचारणाराच तुमच्या बाजूनं बोलायला लागतो. हे मी अनेकदा पाहिलंय.

आता मैत्रिणीचं. या बाबतीत मी तटस्थ नाही, आधीच सांगते.

शिकत असताना मी एका परिषदेला गेले होते. सहा महिने प्लेटा मी ओतल्या होत्या, मोजल्या होत्या. बोलायला मात्र इंग्रजी माध्यमातून आलेली दुसरी मुलगी उभी राहिली आणि मला पोस्टरच्या बाजूला उभं केलं. एका परीक्षकांनी विचारलं, "सदतीस अंशच का घेतलंत?" ती गप्प झाली. मला उत्तर माहीत होतं. आम्ही आधी अठ्ठावीस आणि तीस अंशांवरही लावून पाहिलं होतं, त्या प्लेटा मीच मोजल्या होत्या. उत्तर जिभेवर होतं आणि मी तोंड उघडलं नाही, कारण तू बोलायचं नाहीस असं मला सांगितलेलं होतं. परीक्षकांनी मान हलवली आणि पुढच्या पोस्टरकडं गेले. ते दहा सेकंद मला अजून आठवतात. तुझ्या मैत्रिणीच्या वाट्याला ते येऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं. पद्धत आणि निकाल हा भाग तिचा. बाकीची मांडणी तुम्ही तिघं वाटून घ्या. प्रश्नोत्तरांत प्लेट, टब, वजन असा शब्द आला की माइक तिच्याकडं. भाषेची भीती वाटते तेवढी मोठी नसते. तिच्या कामातले शब्द आधीच इंग्रजी आहेत: डायल्युशन, इन्क्युबेशन, कंट्रोल, रेप्लिकेट. ते ती रोज बोलते. उरतात ती क्रियापदं. छोटी वाक्यं, भूतकाळ: आम्ही घेतलं, आम्ही मोजलं, आम्हाला दिसलं. तीन मिनिटांच्या बोलण्याला अशी पंचवीस-तीस वाक्यं पुरतात. ती पाठ करायला लावू नका. पाठ केलेलं एका शब्दावर अडलं की सगळंच अडतं. तिला टबासमोर उभी करा आणि एकेका टबाकडं बोट दाखवून सांगू दे, रोज एकदा, पंधरा दिवस. पहिल्या दिवशी मराठीत, मग हळूहळू बदलत. आणि पुण्यात एखादा प्रश्न कळला नाही किंवा उत्तर इंग्रजीत सुचलं नाही, तर "मी मराठीत सांगते, माझी सहकारी भाषांतर करेल" असं शांतपणे म्हणायचं. ते भाषांतर तू करायचंस. यात कमीपणा काही नाही. सभागृहात बसलेल्यांतले निम्मे लोक घरी मराठीतच विचार करत असतील.

तिचं "मी मागं थांबतो" वाचून मला आमची आजी आठवली. कोल्हापूरच्या बाया 'येतो, जातो, करतो' असंच म्हणतात, त्यात चुकीचं काही नाही. पुण्यात कुणी हसलं तर हसू दे. मात्र तुम्ही तिघांनी तिला आधीपासून "तिथं असं बोलू नकोस हं" म्हणून टोकू नका. आधीच अवघडलेल्या माणसाला आणखी एक पहारा कशाला?

सरांशी वाद घालू नका. त्यांना तुमच्या टीमची काळजी आहे, कॉलेजच्या नावाची काळजी आहे, ते योग्यच आहे. "सर, आम्ही दोन्ही प्रकारे करून दाखवतो, मग तुम्ही ठरवा" एवढंच म्हणा. एकदा तिच्याशिवाय, एकदा तिच्यासह. ऐकायला दुसऱ्या विभागाच्या एखाद्या मॅडमना बसवा आणि त्यांना मनापासून अवघड प्रश्न विचारू द्या. पहिल्या फेरीत टबाबद्दलचे प्रश्न कुठं अडतात ते सरांना दिसेल. ते शिक्षक आहेत, त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

दहा मिनिटांची सुरुवात जागतिक तापमानवाढीपासून करू नका, सगळे तिथूनच करतात. सुरुवात आपल्या फडापासून करा. हंगामात संध्याकाळी महामार्गानं कोल्हापुरात येताना दुतर्फा पेटलेलं पाचट दिसतं, डोळे चुरचुरतात. शेतकरी ते हौसेनं पेटवत नाही. ऊस तुटला की त्याला खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, राखायचा असतो, बुडखे छाटायचे असतात, पाणी द्यायचं असतं. सरीत पाचटाचा थर असला तर पाणी पुढं सरकत नाही, आंतरमशागत होत नाही, उंदराची भीती. काडी लावली की अर्ध्या तासात रान मोकळं. पण एका हेक्टरातून आठ-दहा टन पाचट निघतं, ते जळालं की त्यातला कर्ब आणि नत्र हवेत जातो आणि वरच्या थरातले जिवाणू भाजून मरतात. हे तुमच्यापैकी ज्याच्या घरी ऊस आहे त्यानं सांगावं. दोन मिनिटं पुरे.

पुण्याला जायच्या आधी एक काम जरूर करा. आपल्या कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. तिथं जाऊन तुमचे तिन्ही आकडे दाखवा. पाचट न जाळता सरीत कुजवायची शिफारस ऊस उत्पादकांना वर्षानुवर्षं दिली जाते: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. तुमच्या टबात फॉस्फेट नव्हतं. का नव्हतं, याचं उत्तर तयार ठेवा, आणि विसरलो असाल तर "विसरलो" हेच उत्तर. पाचट कोणत्या जातीच्या उसाचं, लावणीचं की खोडव्याचं, हेही वहीत लिहून ठेवा. आपल्याकडं बहुतेक ८६०३२ जातीचा ऊस असतो, पण बहुतेकवर विसंबू नका, ज्यांच्या रानातून आणलं त्यांना विचारा. जमलं तर त्याच शेतकऱ्याला तुमचा निकाल सांगा आणि तो काय म्हणतो ते ऐका. तो कदाचित म्हणेल, "मग नुसता युरिया टाकला तर चालंल की!" त्याला काय उत्तर द्याल, हा तुमच्या सादरीकरणाचा शेवटचा मुद्दा होऊ शकतो. माझ्या मते प्रामाणिक उत्तर असं: साठ दिवसांत, दोन किलोच्या टबात, आम्हाला तरी युरियापलीकडं फरक दिसला नाही, मोठ्या ढिगात, निर्जंतुक पाचटाच्या टबांची जोड देऊन पुन्हा करून बघायला हवं.

जिवंत वाढीच्या प्लेटा मात्र सोबत नेऊ नका, सील केलेल्याही नाही. प्रवासात उघडल्या तर पंचाईत आणि अनोळखी जिवाणू गर्दीत नेणं योग्यही नाही. चांगल्या उजेडात काढलेले फोटो न्या, शेजारी मोजपट्टी ठेवून.

वडिलांच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देते, कारण तो रास्त आहे. पाचट कुजवल्याबद्दल पगार कुणी देणार नाही. पण निर्जंतुक हातानं काम करणं, मोजणं, लिहिणं आणि लिहिलेल्याला चिकटून राहणं, याला पगार आहे. औषध आणि लस कंपन्यांच्या प्रयोगशाळा, दूध संघांच्या प्रयोगशाळा, अन्न तपासणी, जैविक खतांचे कारखाने, साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, सगळीकडं हेच लागतं. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या अल्कोहोल तंत्रज्ञानाच्या शिक्षणाची चौकशी कर. उसाच्या पट्ट्यातल्या मुलीला ती वाट घराजवळची आहे. एमएस्सी करायची तर आयआयटी जॅमचा जैवतंत्रज्ञानाचा पेपर आणि गॅट-बी या दोन्ही परीक्षांची माहिती आत्ताच काढून ठेव. हे वडिलांना सांग. आणि जमलं तर त्यांना एकदा कॉलेजात नेऊन टब दाखव. ज्या माणसानं आयुष्यभर पाचट पाहिलंय, त्याला त्यातलं तुझ्यापेक्षा काहीतरी जास्तच दिसेल.

स्टॉलवर माहितीपत्रकं गोळा करत फिरू नका. तीनच स्टॉल निवडा आणि विचारा: नवीन आलेल्या मुलीला पहिले सहा महिने नेमकं काय काम देता? रात्रपाळी असते का, राहण्याची सोय काय? मला एखाद्या उमेदवारानं हे विचारलं की मला बरं वाटायचं, कारण त्याला खरंच काम करायचं आहे हे कळायचं. हे प्रश्न तुझ्या मैत्रिणीनंही विचारायला हवेत, मराठीत विचारले तरी चालेल.

आणि एक. तिन्ही प्रकारच्या टबांतलं थोडं थोडं पाचट ओव्हनमध्ये वाळवून काचेच्या तीन बरण्यांत भरा. झाकणावर फक्त एक, दोन, तीन असे आकडे घाला. टेबलावर ठेवा आणि आलेल्या माणसाला विचारा, यातल्या कुठल्या बरणीत आमचे जिवाणू होते? पहिली बरणी सगळे वेगळी काढतील. दुसऱ्या-तिसऱ्यावर अडतील, दोन्ही उचलून उजेडात धरतील, वास घेतील. त्या वेळी टेबलामागं तीच उभी असू दे. एकविसाव्या दिवसाचं पान उघडून ठेवा.

तुझी ताई